डावीकडं वळताना घूं

गाडी डावीकडं वळताना घूं करते, ही गोष्ट महेश्वरीच्या ध्यानात आली ती वेळ अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण ती तिनं वहीत टिपली होती. जाई झाल्यापासून, म्हणजे गेले नऊ महिने, ती सगळंच वहीत टिपत होती. लेकीनं दूध किती घेतलं, शी कितीदा झाली, रंग कोणता, शिंका किती, आणि झोपेत हसली असेल तर कोणत्या कुशीवर. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला प्रयोगवहीची सवय असते. पुढं प्रयोगशाळा मिळाली नाही, लेकरू मिळालं, एवढाच फरक.

वहीबद्दल घरात मतं होती. सासरे शरणबसप्पा म्हणत, आमच्या आईनं सात लेकरं वाढवली, तिला सही बी येत नव्हती. सासूबाई नागम्मांचं म्हणणं, दूध मोजलं की नजर लागते. नवरा शिवप्रसाद लोहाऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरातल्या वादात त्याचं धोरण सीमाप्रश्नासारखं असे. दोन्ही बाजूंची निवेदनं स्वीकारायची आणि चहा प्यायचा.

तर घूं. शिवप्रसादला ते ऐकू आलं नाही. तिनं गाडी परत आत घ्यायला लावली, परत बाहेर काढायला लावली. फाटकातून बाहेर पडलं की हमरस्त्यासाठी डावीकडंच वळावं लागतं, त्यामुळं आवाज घरच्या उंबऱ्यातच भेटायचा. तिसऱ्या खेपेला त्याला आला. म्हणाला, पंधरा वर्षांची गाडी आहे, त्यातली चौदा सोलापूरच्या एका प्राध्यापकाकडं गेली, आवाज करणारच. मामांचे गुडघे नाही का वाजत?

मामा, म्हणजे तिचे सासरे शरणबसप्पा, ओट्यावर बसून त्याच गुडघ्यांना करडईचं तेल चोळत होते. जळकोटात हमरस्त्यालगत त्यांचा तेलाचा घाणा होता, वडिलांपासूनचा. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची दुखणी होती, तेल लावलेली आणि तेल न लावलेली. पाळण्याची कडी, शिवणयंत्र, जाईची टाळू, दिवाणखान्याचं कुरकुरणारं दार, सगळ्यांवर एकच उतारा. तो बहुतेक वेळा लागू पडायचा, ही त्यातली अडचण.

आवाज आला कुठून, याबद्दल महेश्वरीला शंका नव्हती. वेळ अमावस्येला सगळं घर शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी, आंबील, उंडे यांचं जेवण होतं. इतकी वर्षं ती सगळी भांडी बैलगाडीतून किंवा डोक्यावरून जायची. यंदा दारात गाडी होती. गाडी थेट कोपीपर्यंत न्यायची, असा मामांचा हुकूम झाला. ढेकळांतून जाताना खालून खट् असा आवाज आला, गाडी एका अंगाला कलली आणि डिकीतली भज्जीची हंडी आडवी झाली. खट्कडं कुणी लक्ष दिलं नाही, कारण सगळ्यांचं लक्ष भज्जीकडं होतं. पुढचे कित्येक दिवस गाडीत चिंच, बेसन आणि पालेभाजीचा संमिश्र वास दरवळत राहिला, आणि या वासानं पुढं तपासाची फार मोठी दिशाभूल केली.

एरवी तिनं एक घूं सोडूनही दिलं असतं. पण पौष संपला की माघातल्या पहिल्या शुक्रवारी तुळजापूरला जाईचं जावळ होतं. मुहूर्त पक्का, पुजाऱ्यांना कळवलेलं, सोलापूरहून महेश्वरीचा भाऊ सोमेश जाईचा मामा म्हणून तिला मांडीवर घ्यायला येणार, त्याची रजा मंजूर झालेली. तुळजापूरच्या अलीकडं चढणीची वळणं आहेत. डावीकडं खोल उतार, समोरून यात्रेकरूंच्या बसगाड्या, आपलं स्टिअरिंग मध्येच अडकलेलं आणि मांडीवर जाई. एवढं चित्र तिला दिवसातून तीन-चारदा दिसायचं, तेही रंगीत. भाड्याची जीप करू, असं तिनं एकदा सुचवून पाहिलं. मामा म्हणाले, दारात गाडी असून देवीला भाड्याच्या जीपनं जायचं, मग ही काय कोंबड्या बसायला घेतली?

तिसऱ्या दिवशी घूं थांबलं. आपोआप. शिवप्रसाद म्हणाला, बघ. महेश्वरीनं वहीत लिहिलं, 'आवाज बंद. का?' आणि ती जास्तच काळजीत पडली. ताप औषधानं उतरला तर बरं वाटतं; आपला आपण उतरला की माणूस रात्रभर कपाळाला हात लावून बघतं.

नवव्या दिवशी तो परत आला, पण घूं नव्हे. आता ती गुरगुर होती, घोटाघोटानं हुक्का ओढावा तशी. आणि डावी-उजवी असा भेदभाव उरला नव्हता.

समोरच्या घरातले विरुपाक्षअप्पा एसटीत पस्तीस वर्षं चालक होते. निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या प्रत्येक वाहनावर त्यांची देखरेख असे. ते खांद्यावर टॉवेल टाकून आले, बॉनेट उघडायला लावलं आणि आत न बघता बोलू लागले. त्यांच्या काळी पॉवर स्टिअरिंग नव्हतं, दंड होते. उमरगा ते तुळजापूर नुसत्या दंडांवर. एकदा तर... ती हकिकत अर्धा तास चालली आणि तिच्या शेवटी निदान असं आलं, की आवाज करते ती गाडी जिती असते, आवाज बंद पडला की घाबरावं. मग त्यांनी बॉनेट आपटून लावलं आणि चहा घेतला.

नागम्मांनी लिंबू-मिरच्या बदलल्या. मामांनी बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले. या काळात ते एकंदरीतच गाडीबद्दल कमी बोलत, हे महेश्वरीला फार नंतर आठवलं.

हमरस्त्यावरच्या टायरवाल्यानं टायरचा दोष सांगितला. टायर बदलले. गुरगुर नव्या टायरांवर जास्त खुलली. मग चाकांची अलाइनमेंट झाली. मग कुणीतरी पट्टा ढिला आहे म्हणालं, तो ताणला. आता गुरगुरीच्या वर एक बारीक शिट्टी आली, म्हणून पट्टा पुन्हा सैल केला. प्रत्येक खेपेला महेश्वरी जाईला कडेवर घेऊन वही हातात धरून उभी, आणि प्रत्येक कारागीर तिच्याकडं न बघता शिवप्रसादला विचारी, 'साहेब, आवाज कसला येतोय?' साहेब तिच्याकडं बघत. ती वाचून दाखवी. कारागीर ऐकून घेत आणि मग साहेबांना सांगत, बायकांना येतात असे आवाज.

वहीची खरी बेअब्रू मात्र नळदुर्गच्या बालरोगतज्ज्ञांकडं झाली. लस द्यायला गेले होते. डॉक्टरांनी कौतुकानं वही मागून घेतली, पानं उलटली, चष्मा वर केला आणि गंभीर होऊन विचारलं, बाळाला तळलेलं खायला घालता का? महेश्वरी चक्रावली. डॉक्टरांनी वाचून दाखवलं, 'सकाळी दहा. गुरगुर. सात-आठ सेकंद. नंतर तळणाचा वास. थांबवल्यावर बंद.' ते गाडीचं आहे, हे सांगताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डॉक्टर म्हणाले, दोघींसाठी दोन वह्या करा. ही गोष्ट शिवप्रसादनं घरी आल्यावर जेवताना सांगितली, आणि मामा जेवताना कधी हसत नसत ते हसले. तिनं दोन वह्या केल्या नाहीत. हट्ट म्हणा.

तळणाचा वास तिला गाडी तापल्यावर यायचा. शिवप्रसादच्या मते तो डिकीतल्या भज्जीचा. आता हे पुण्या-मुंबईच्या माणसानं म्हटलं असतं तर समजू शकलं असतं. भज्जी तळत नाहीत, शिजवतात. हंडीभर भज्जी उलथली तरी तिला कढईचा वास कसा येईल? शिवाय तिनं डिकी तीनदा सोड्यानं धुतली होती. बरं, हमरस्त्यावरच्या हॉटेलांचा वास म्हणावं, तर लोहाऱ्याच्या रस्त्याला, जिथं दोन्ही बाजूंना तुरीशिवाय काही नाही, तिथंही तो होताच. वहीत तशी सात ठिकाणं नोंदलेली होती. तिनं ती सांगितली. शिवप्रसाद म्हणाला, तू थोडं बाहेर पड, बरं वाटेल.

त्यातच गाडीची पंधरा वर्षं भरत आली. नोंदणी नव्यानं करायची तर गाडीची सरकारी तपासणी हवी. महेश्वरीला वाटलं, सुटलो. इतके दिवस जो-तो आपल्या दुकानातलं सांगत होता. आता एक तटस्थ, शिकलेला, पगारी माणूस तिचं ऐकेल. ऑनलाइन तारीख दोनदा निघाली आणि दोनदा गेली, एकदा फोटो धूसर म्हणून आणि एकदा फोटो जास्तच स्पष्ट, म्हणजे त्यात विरुपाक्षअप्पाही आले म्हणून. तिसऱ्या तारखेला ते जिल्ह्याच्या गावी सकाळी आठपासून रांगेत उभे होते. साडेबाराला साहेब आले. पुढं घ्या, मागं घ्या, दिवे लावा, वायपर फिरवा.

महेश्वरी पुढं झाली. म्हणाली, साहेब, वळवताना आवाज येतो.

"मॅडम, आवाजाचा रकाना हॉर्नचा आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "हॉर्न वाजतो का?"

हॉर्न वाजला. हॉर्न उत्तमच होता. गाडी पाच वर्षांसाठी पास झाली. साहेबांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही, मैदान सरळ होतं आणि वळायला जागाच नव्हती. पण त्या दिवसापासून घरात महेश्वरीच्या दोन कानांविरुद्ध एक शिक्क्याचा कागद उभा राहिला. तिनं 'आवाज' एवढा शब्द काढला, की शिवप्रसाद 'पाच वर्षं' म्हणायचा. मामा तर ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू लागले, सरकारला ऐकू आलं न्हाय, आमच्या सूनबाईला येतंय.

हे तिला लागलं. आवाजापेक्षा हे जास्त लागलं. रविवारी रात्री वहीत जाईच्या रकान्यात सगळं भरलं आणि गाडीच्या रकान्यात तिनं नुसती रेघ मारली. तिला वाटलं, खरंच आपल्यालाच काही झालं असेल तर? पहिलटकरणींना होतं म्हणतात. मग पुढचं चित्र दिसलं, चढणीचं वळण, बस, जाई. तिनं रेघेवर लिहिलं, 'जावळाला पाच दिवस.'

दुसऱ्या दिवशी शिवप्रसाद शाळेत गेल्यावर तिनं सीटखालच्या कप्प्यातून गाडीची पुस्तिका काढली. प्राध्यापकांनी ती जपली होती, अधोरेखितं करून. पॉवर स्टिअरिंगच्या पानावर एका छोट्या डबीचं चित्र होतं आणि आतलं तेल लाल असावं, असं छापलेलं होतं. जाईला नागम्मांकडं देऊन तिनं बॉनेट उघडलं, डबी शोधली, झाकण फिरवलं. आतलं लाल नव्हतं. पिवळं होतं, आणि वर फेस होता, दुधावर येतो तसा, बारीक आणि चिवट. संध्याकाळी तिनं नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, पंधरा वर्षांत आपलाही रंग बदलतो.

ती म्हणाली, "मग जाई आणि मी एसटीनं येते. तुम्ही सगळे गाडीनं या."

ती हे ओरडून म्हणाली नाही. म्हणून शिवप्रसाद घाबरला. बुधवारी त्यानं अर्धी रजा टाकली आणि गाडी नळदुर्गला कृष्णराज मिस्त्रींकडं न्यायची ठरली. मामा म्हणाले, मी बी येतो, मिस्त्री लोक बाईमाणसाला फशिवतात. त्यांना खरं कशासाठी यायचं होतं, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

कृष्णराज मिस्त्री पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी नेहमीप्रमाणं शिवप्रसादला विचारलं, आवाज कसला. शिवप्रसादनं तिच्याकडं बोट केलं. तिनं वही उघडून घशाला कोरड पडेपर्यंत वाचलं, घूं कधी, गुरगुर कधी, वास कुठं कुठं. मिस्त्री मध्ये बोलले नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाले, गिऱ्हाइकं असं सांगत असती तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं. मग ते गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन सांगितलं, की दगड लागून स्टिअरिंगच्या तेलाच्या पाइपला चीर गेली आहे. थेंब थेंब गळून तेल कमी पडलं, म्हणून पहिलं घूं. इथपर्यंत सरळ आहे. गुरगुर मात्र वेगळी.

त्यांनी डबीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा हुंगलं.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्यात पापड तळता येतील."

खाण्याचं तेल पंपात घुसळलं की फेस धरतं, फेसात हवा, हवेनं गुरगुर, आणि तापलं की वास. हे घातलं कुणी आणि कधी, असं मिस्त्रींनी विचारलं. शिवप्रसादनं टायरवाल्यावर संशय घेतला, मग पट्टा ताणणाऱ्यावर. महेश्वरी वहीची पानं मागं उलटत गेली. 'आवाज बंद. का?' लिहिलेलं पान सापडलं. त्याच पानावर वरच्या बाजूला, जाईच्या रकान्यात, तिच्याच अक्षरात होतं: 'दुपारी तीन. आजोबांनी अंगणात खेळवलं. पिवळ्या फ्रॉकवर करडईच्या तेलाचा डाग. डोक्याला सकाळीच लावलं होतं. मग हे कुठून?'

एका वहीतच दोन्ही होतं म्हणून सापडलं. दोन वह्या असत्या तर जन्मात सापडलं नसतं.

तिनं मान वर केली. मामा गॅरेजच्या दारात पाठमोरे उभे राहून हमरस्त्यावरची वाहनं मोजत असल्यासारखं करत होते. सात्त्विक, ताठ, पांढरंशुभ्र धोतर. इतक्या दिवसांची सगळी वाक्यं तिच्या ओठांवर आली, सरकारला ऐकू आलं न्हाय हे तर अगदी पुढं. तिनं वही मिटली आणि पिशवीत ठेवली. म्हणाली, कळत नाही कुणी घातलं ते.

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मिस्त्रींनी चिंधीला बोट पुसत आपलं मत दिलं. "ढाब्यावरचं पाम तेल दिसतंय. तेबी जळकं."

मामा वळले.

"पाम?" ते म्हणाले. चालत आले, गुडघे वाजवत, डबीत स्वतःचं बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, उजेडात धरलं. "मिस्त्री, धार बघा. रंग बघा. पाम तेल आमच्या उंबऱ्यात आलेलं न्हाय आजवर. ही करडई हाय, घाण्याची, अन् ह्या सालच्या पहिल्या..."

तिथं ते थांबले. हमरस्त्यावरून एक उसाचा ट्रॅक्टर गेला, तो सगळ्यांनी पूर्ण जाईपर्यंत बघितला. शिवप्रसादनं आभाळाकडं पाहिलं. मिस्त्रींनी नम्रपणे मान डोलावली आणि म्हणाले, माल चांगलाच आहे, यजमान, फक्त जागा चुकली.

पंप वाचला, कारण फेसावर गाडी फार चाललेली नव्हती. करडई काढून टाकली, लाल तेलानं तीनदा धुऊन घेतलं. तसला पाइप नळदुर्गात नव्हता. सोमेशनं गुरुवारी सोलापूरहून येताना आणला, जावळाच्या आहेराच्या पिशवीत, खणाच्या खाली. गुरुवारी पाचला पाइप बसला आणि सहाला गाडी दारात आली.

शुक्रवारी पहाटे फाटकातून डावीकडं वळताना गाडीतली पाचही मोठी माणसं श्वास रोखून बसली. काही ऐकू आलं नाही. तेवढ्या शांततेनं जाई दचकली आणि रडू लागली. तुळजापूरच्या अलीकडच्या वळणांवर महेश्वरीनं मोजून प्रत्येक वळण ऐकलं. तिथंही काही नाही. समोरून बसगाड्या आल्या आणि गेल्या. पुढच्या सीटवर मामा सरळ समोर बघत बसले होते आणि प्रत्येक वळणाला त्यांचा हात नकळत दाराची कडी घट्ट धरत होता, हेही तिनं पाहिलं. जावळ नीट झालं. जाईचं गोल गुळगुळीत डोकं सगळ्यांनी हात फिरवून पाहिलं. मामांनी खिशातून बाटली काढून त्यावर करडईच्या तेलाचा एक थेंब चोळला, आणि या जागेबद्दल कुणाची हरकत नव्हती.

शनिवारी सकाळी ती ओट्यावर जाईला भरवत होती. मामा आले, बसले. धोतर गुडघ्यावर सारखं केलं.

"तुला तिथंच ठावं झालतं न्हवं?" ते म्हणाले. "गॅरेजात."

"पिवळ्या फ्रॉकचा डाग अजून गेला नाही, मामा."

ते हं म्हणाले. मग घसा साफ केला. "सूनबाई, वही हाय का जवळ?"

होतीच.

"लिही. डावा गुडघा. उठताना न्हाय, वळताना वाजतो."

तिनं घड्याळात बघून वेळ घातली. किती दिवसांपासून, ते विचारलं. आवाज कोरडा की ओला, तेही विचारलं. त्यांनी गुडघा वळवून दाखवला, तिनं वाकून ऐकला आणि नवी ओळ धरली.

"त्यात काही घातलंत का?"

मामांनी थोडा विचार केला.

"लावलंय," ते म्हणाले. "वरून. आत न्हाय."

तिनं तेही लिहिलं.